मारिओ डिलक्स: पडदा लहान, म्हणून खेळही वेगळा
गेम बॉय कलर या हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रावरचा 'सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स' (१९९९) म्हणजे १९८५ चाच 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा व्हिडिओ गेम, फक्त खिशात मावणारा, हे मत मला पटत नाही. मूळ चित्र २५६ बाय २४० पिक्सेलचं, या पडद्यावर मावतात १६० बाय १४४. मारिओचा आकार तोच ठेवल्याने आजूबाजूचं जग कापलं गेलं. समोरचा शत्रू उशिरा दिसतो, खाली जमीन आहे की खड्डा हे कधीकधी उडी मारल्यावरच कळतं. बटण दाबून वर-खाली डोकावता येतं, पण भरधाव पळताना ते कोण करणार!

तरी मला तो मनापासून आवडतो. खेळ सेव्ह होतो, आणि 'चॅलेंज' या वेगळ्या खेळप्रकारात ५ लाल नाणी आणि योशीचं (मारिओचा डायनासोर सोबती) लपवलेलं अंडं शोधताना तोंडपाठ लेव्हल्सही पुन्हा कोपरा न् कोपरा धुंडाळाव्या लागतात.