लिहिता येतं, पण लिहिलेलं वाचता येत नाही. हा कसला स्ट्रोक?

सांजवारा:
बाबा ७१ वर्षांचे. गेल्या मंगळवारी सकाळी पेपर घेऊन बराच वेळ बसले आणि म्हणाले, "आज भलत्याच भाषेत छापलाय." आम्ही हसलो. (ते हसणं अजून टोचतंय.) चष्मा पुसून झाला, बदलून झाला. बोलणं स्वच्छ, तोंड वाकडं नाही, दोन्ही हात वर करून दाखवले. स्ट्रोकचं जे काही ऐकलेलं, त्यातलं एकही लक्षण नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, "डोळे चांगले आहेत, पण दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसत नाहीये. हे मेंदूचं आहे, आत्ताच्या आत्ता न्यूरोलॉजिस्ट गाठा."

तिथे बाबांना कोरा कागद दिला आणि काय झालं ते लिहायला सांगितलं. त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सकाळी मुलीबरोबर डोळे दाखवायला गेलो होतो.' डॉक्टरांनी कागद पालथा घातला, पाच मिनिटं इकडचं तिकडचं विचारलं आणि तोच कागद पुढे धरला. बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "अक्षर छान आहे. कुणाचंय?"

एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात, डावीकडे इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेला भाग) निघालं. वाचन परत येतं का? आणि असलं पुन्हा झालं तर ओळखायचं कसं?

रातपाळी:
न्यूरोलॉजीत रेसिडेंट आहे. याला 'अलेक्सिया विदाऊट अग्राफिया' म्हणतात, म्हणजे वाचन गेलं पण लिहिणं राहिलं. डेजेरिन या फ्रेंच डॉक्टरांनी १८९२ मध्ये असाच रुग्ण नोंदवला होता. डावीकडचं दृष्टिकेंद्र गेलं की उजवीकडचं दिसत नाही. डावीकडचं दिसतं, पण ते पोचतं मेंदूच्या उजव्या अर्ध्यात. भाषेचं केंद्र बहुतेकांचं डावीकडे असतं. दोन्ही अर्ध्यांना जोडणाऱ्या मधल्या पुलाचा मागचा भाग, स्प्लेनियम, तोही गेला की अक्षरं दिसतात पण भाषेपर्यंत जात नाहीत. लिहिण्याला तो पूल लागत नाही, म्हणून लिहिणं शाबूत. रिपोर्टमध्ये स्प्लेनियम हा शब्द शोधा.

वाचन किती परत येईल हे आत्ता कुणीच सांगू नये. पुष्कळ जण एकेक अक्षर लावत वाचायला लागतात. एक करून बघा: बाबांना अक्षर बोटाने गिरवायला सांगा. डोळ्यांची वाट बंद असली तरी हाताची उघडी असते.

ओळखायचं म्हणाल तर 'अचानक' या शब्दाला धरून राहा. चेहरा-हात-बोलणं ही चाचणी मागच्या बाजूचे स्ट्रोक पुष्कळदा हुकवते, म्हणून आता तोल आणि नजर हेही त्यात धरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेव्हा चष्मा बदलण्यात वेळ घालवायचा नाही. आणि हृदयाची लय तपासली का? एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडणं, ज्यातून गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते) साध्या ईसीजीत निसटू शकतं.

आडवाट:
आमच्याकडे उचकी होती. यांना चक्कर आली, ओकारी झाली, मग दोन दिवस उचकी थांबेना. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू. सीटी नॉर्मल, म्हणून घरी पाठवलेलं. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना हे म्हणाले, "पाणी डाव्या अंगाला गरम लागतंय, उजव्या अंगाला काहीच नाही." दुसऱ्या डॉक्टरांनी थंडगार ट्यूनिंग फोर्क लावून बघितला: गार लागत नव्हतं ते डाव्या गालाला आणि उजव्या पायाला. असं तिरकं! वॉलेनबर्ग सिंड्रोम, म्हणजे मेंदूच्या देठातला स्ट्रोक. तिथलं एवढंसं इन्फार्क्ट सीटीत सहसा दिसतच नाही, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आंघोळीच्या पाण्याचं डॉक्टरांना सांगायला हे लाजत होते, मीच बोलले. बारीकसारीक, वेडगळ वाटेल तेही सांगा.

सांजवारा:
स्प्लेनियम आहे रिपोर्टात. होल्टर (हृदयाचे ठोके सलग नोंदवणारं यंत्र) काल लावला.

बोटाचं करून बघितलं. 'घर' लिहून दिलं. नुसतं बघून काही नाही. मग मांडीवर बोटाने घ गिरवला, र गिरवला, वरून शिरोरेघ ओढली आणि एकदम म्हणाले, "घर!" पाऊण मिनिट लागलं. लगेच पेपर मागितला. मथळ्यातल्या पहिल्या जोडाक्षरावर अडकून चिडलेत आता.