घरीच फोटोचं कॅलेंडर बनवायचं आहे, बजेट ८०० रुपये, सल्ला द्या

संत्र्याची_बाग: राजेहो, वरुडजवळच्या खेड्यातून लिहिते. २०२६ चं भिंतीवरचं कॅलेंडर घरीच बनवायचं आहे, आजीसाठी एक अन मामा-मावश्यांसाठी पाच. पोळ्याचे, बागेतले, आजोबांच्या जुन्या बैलजोडीचे फोटो आहेत. कम्प्युटर जुना, ४ जीबी रॅमचा, प्रिंटर इंक टँकवाला, नेट मोबाईलचंच. सॉफ्टवेअर कोणतं, कागद कोणता? सगळं ८०० च्या आत.

पऱ्हाटीवाला: ताई, घरी करायच्या भानगडीत पडूच नका. मी अमरावतीवरून छापून आणले, एकेक ३५० ले पडलं पण कागद पाहाल तर आर्टपेपर! पाहुणे अजून विचारतात.

संत्र्याची_बाग: भाऊ, सहाचे २१०० झाले न मग.

पऱ्हाटीवाला: चांगल्या वस्तूले पैसे लागतेच.

रिटायर्ड_गुरुजी: लिब्रेऑफिस टाका, फुकट आहे, जुन्या मशीनवरही चालतं. सात खान्यांचा तक्ता करा. रविवारपासून ओळ धरली तर २०२६ चा फेब्रुवारी बरोबर चार ओळींत बसतो, पण मे अन ऑगस्टला सहा लागतात. मी २०२५ ला पाच ओळींचाच साचा बाराही महिन्यांना लावला, मार्चचे ३० अन ३१ गायब, नात म्हणे आबा गुढीपाडवा कुठं गेला! फोटो व्हॉट्सॲपवरून मागवायचे तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर बारीक होऊन येतात. ए४ च्या पूर्ण रुंदीला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, २४८० पिक्सेल लागतात.

तुरीचं_वरण: कागद ग्लॉसी फोटो पेपरच घ्या. फक्त लेझर प्रिंटरमधी टाकू नका, मी टाकला त वरचा थर वितळून आतल्या गरम रोलरले चिटकला, दुरुस्तीचा खर्च माह्याच गळ्यात.

पऱ्हाटीवाला: म्हणूनच म्हणतो, छापून आणा.

वर्धेकर_काकू: तिथ्या टाकशील न गं? गेल्या वर्षीच्या उतरवू नको, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, पुढचे सण लांबतात, गणपती थेट १४ सप्टेंबरला. जावयाच्या अनारशांची तयारी आतापासून करा.

तुरीचं_वरण: आमच्याकडे अनारसे नाई, पुरणाचे धोंडे असतात.

वर्धेकर_काकू: अनारसेच असतात. तेहतीस.

रिटायर्ड_गुरुजी: विषयावर या. ताई, ग्लॉसीच घ्या. शेवटी पीडीएफ करा म्हणजे दुसरीकडे नेलं तरी मराठी अक्षर मोडत नाही. अन लाईटचा भरवसा नाही, घडीघडी सेव्ह करा.

संत्र्याची_बाग: झालं एकदाचं! ग्लॉसीवर एक पान काढलं तर आजीचा बॉलपेन त्यावर उठेचना. ती कॅलेंडरवरच सगळं लिहिते, दुधाचा हिशोब, गाय कधी फळली, मजुराचे खाडे, सिलेंडर कधी लावलं. म्हणून ग्लॉसीवर फक्त चार बाय सहाचे फोटो काढून वर चिटकवले, खाली तारखा साध्या १०० जीएसएम कागदावर, चौकोन मोठे. तिथ्या छापल्याच नाही काकू, सहाही कॅलेंडरांवर आजी पंचांग पाहून स्वतः लिहिणार आहे. आत्ताच जानेवारीच्या ६ तारखेच्या खान्यात अंगारकी लिहिली, अक्षर थोडं हलते पण माझ्या मावश्यांना तेच पाहिजे. स्पायरल धरून ६४० लागले.

पऱ्हाटीवाला: चिटकवलेले फोटो उन्हाळ्यात उकलते बरं. डिंक नका लावू, दोन्हीकडून चिटकणारी टेप लावा.

संत्र्याची_बाग: टेपच लावली भाऊ.