सीओपीडी पेशंटचं नेब्युलायझेशन आणि ऑक्सिजन

ताई, तुम्ही विचारलंय की सीओपीडीवाल्या (फुफ्फुसांच्या श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) आजोबांचं नेब्युलायझेशन, म्हणजे औषधाची वाफ, ऑक्सिजनवर द्यायचं की कॉम्प्रेसरवर (साध्या हवेवर चालणारं मशीन). कॉम्प्रेसर असेल तर तोच घ्या आणि सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) कमी पडत असेल तर सोबत नाकातल्या नळीने थोडा ऑक्सिजन चालू ठेवा, टार्गेट 88 ते 92 टक्के, कारण जास्त दिला की अशा काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, पेशंट गुंगीत जातो आणि आपल्याला वाटतं आता शांत झोप लागली! कॉम्प्रेसर नसेलच तर ऑक्सिजनवर 6 मिनिटांच्या वर नको. नातेवाईक सारखे फ्लो वाढवा म्हणतात, त्यांना हे नीट समजावून सांगा प्लीज.

बाकी नेब्युलायझरमधल्या औषधांचं म्हणाल तर सालब्युटामॉलने (श्वासनलिका मोकळी करणारं औषध) हात थरथरतात, धडधडतं, ते माहितीच असेल, पण डोस वारंवार चालू असतील तर पोटॅशियमचा रिपोर्टही बघा. इप्राट्रोपियमला (हेही श्वासनलिका मोकळी करणारंच) शक्यतो मास्कऐवजी माउथपीस (तोंडात धरायची नळी) द्या, काचबिंदू असेल तर डोळ्यात वाफ जायला नको. आणि ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडनंतर चूळ भरून थुंकायला लावाच, हे पूर्ण आपल्या हातातलं काम आहे, तोंडात पांढरी बुरशी झाली की जेवण तुटतं आणि म्हातारी माणसं फार लवकर खंगतात हो.