‘लैला’ या गाण्यात उपेक्षा नेमकी कोणाची?

धरमपेठकर:
‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या बँडचे १९७० सालचे ‘लैला’ मी गेली वीस वर्षे नाकारलेल्या प्रियकराचा आक्रोश म्हणूनच ऐकत आलो. परवा रात्री नागपूरच्या फुटाळा तलावावर बसून शब्दांकडे नीट लक्ष दिले, तेव्हा जाणवले की त्यातला पहिलाच प्रश्न तिच्या एकटेपणाविषयी आहे आणि तिच्या पुरुषाने तिला निराश केले असताना आपण तिचे सांत्वन करू पाहिले, असेही नायक पुढे सांगतो. मग उपेक्षित प्रेम कोणाचे, त्याचे की तिचे? आणि या गाण्याला बंडखोर म्हणतात, पण जो गुडघे टेकून विनवतो, त्याचे गाणे बंडखोर कसे?

रेशीमबागेतला श्रोता:
माझ्या मते दोघांचेही. या बँडचा गायक-गिटारवादक एरिक क्लॅप्टन तेव्हा आपला जिवलग मित्र जॉर्ज हॅरिसन याची पत्नी पॅटी बॉइड हिच्या प्रेमात पडला होता आणि गाण्यातले नाव त्याने निजामी गंजवी यांच्या १२व्या शतकातील फारसी काव्यातून घेतले. त्या कथेत लैलाचे लग्न दुसऱ्याशी होते आणि विरहाने भ्रमिष्ट झालेल्या तिच्या प्रियकराला, कैसला, लोक ‘मजनू’, म्हणजे वेडा, म्हणू लागतात. मला वेड लागण्याआधी काही मार्ग काढ, ही गाण्यातली विनवणी तिथूनच आली असावी. ज्या प्रेमाविषयी मौन पाळायचे तेच साऱ्या जगासमोर ओरडून सांगणे, हे मला बंड वाटते. सुरेश भटांच्या गझला ऐकत वाढलेल्या नागपूरकराला आर्जव आणि बंड एकाच आवाजात ऐकण्याची सवय असतेच.

गिटार शिकवणारा:
हे बंड सुरावटीतही ऐकू येते. कडवे संपून तिच्या नावाची हाक सुरू होते, तेव्हा गाणे अर्ध्या स्वराने वर चढते आणि ड्वेन ऑलमनची स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवलेली) त्या हाकेला अक्षरशः किंचाळायला लावते. मात्र वरील प्रतिसादात नायकाला फार सांभाळून घेतले आहे, असे मला वाटते. तिच्या एकटेपणाची आठवण तो तिला करून देतो खरा, पण ती काय म्हणाली हे संपूर्ण गाण्यात एकदाही सांगत नाही. क्लॅप्टनच्या १९९२च्या संथ, अकूस्टिक (विजेवर न चालणाऱ्या गिटारच्या) आवृत्तीत ती किंचाळी नाही आणि मूळ गाण्याचा शेवटचा पियानोचा भागही नाही. तिथे केवळ विनवणी उरते. म्हणून अर्थ शोधायचा तर मूळ ध्वनिमुद्रणच ऐकावे, कारण सात मिनिटांच्या त्या गाण्यात निम्म्याहून अधिक वेळ शब्दच नाहीत.

धरमपेठकर:
दोघांचेही मनापासून आभार. तिचे उत्तर गाण्यात नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आले नव्हते. शब्द थांबले की गाणे संपले असे धरून मी पुढचे लावत असे. तो पियानो आज पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला.