आयसोऱ्हिदम: कलर आणि टालिया फार लवकर समेवर येतात

धैवत: चेलोसाठी चौदाव्या शतकातल्या मोटेटच्या (युरोपातली अनेक आवाजांची गायनरचना) धर्तीवर आयसोऱ्हिदम लिहितोय, म्हणजे स्वरांची आणि कालमूल्यांची अशा दोन माळा एकमेकींवर फिरवत ठेवायच्या. कलर, म्हणजे स्वरांची माळ, १२ स्वरांची. टालिया, म्हणजे कालमूल्यांची माळ, १२ मात्रांची. त्यात ८ स्वर आणि एक विराम. तीन टालियांनंतर सगळं जसंच्या तसं. पण १२ ला १२, मग पहिल्याच आवर्तनात का जुळत नाही? टालिया लांबवू का?

षड्जपंचम: मात्रा नाही, आघात, म्हणजे वाजणारे स्वर मोजा. दर आघाताला कलरमधला एक स्वर खर्च होतो, विरामाला होत नाही. ८ आणि १२ चा लसावि २४, म्हणून तीन टालिया.

कलरमधला एक स्वर काढा. ११ आणि ८ चा लसावि ८८: ११ टालिया, १३२ मात्रा, मिनिटाला ६० च्या लयीत २ मिनिटं १२ सेकंद. एवढं नको असेल तर १० स्वर: ५ टालिया, बरोबर एक मिनिट. टालिया लांबवू नका, ती कानाला ओळखता आली पाहिजे. विरामही राहू द्या, ऐकणाऱ्याला खूण तीच.

म्यूझस्कोरमध्ये (स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर) आधी टालिया एकाच स्वरावर लिहून हवी तितकी पेस्ट करा, मग रीपिच मोडमध्ये स्वर भरा. कालमूल्यं हलत नाहीत.

मंद्र: फ्रेंच संगीतकार मेसियाँच्या 'क्वातुओर पूर ला फँ द्यू ताँ' या चौघांसाठीच्या रचनेच्या पहिल्या भागात पियानोला १७ कालमूल्यं आणि २९ कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह). दोन्ही मूळ संख्या, म्हणजे सम थेट ४९३ कॉर्डनंतर. भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. शिवाय टालिया १३ मात्रांची आणि लेखन ३/४ मध्ये, त्यामुळे बारलाइनवरूनही (आवर्तन संपल्याची उभी रेघ) ती घसरत राहते. चेलोला मात्र ५ स्वर, १५ कालमूल्यं. १५ ला ५ नं भाग जातो, म्हणून दर टालियेत तोच स्वर त्याच जागी.

धैवत: पियानोची ती लय शार्ङ्गदेवाच्या तालांवरून ना?

मंद्र: हो. रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश; देवगिरीच्या यादवांच्या काळातल्या, शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथातले देशी ताल. पण मेसियाँनं कालमूल्यं तेवढी उचलली. टाळी, खाली, सम काही नाही, तेव्हा तबल्यावर ठेका शोधत बसू नका. आणि टालियाचा 'ताल'शी संबंध नाही. लॅटिनमध्ये तो छाटलेली फांदी, कलम.

षड्जपंचम: शेवटी जुन्या मोटेटांसारखी टालिया दुगुनीत घेणार असाल तर लहानात लहान मूल्य अर्ध्या मात्रेचं ठेवा. पाव मात्रेचा दुगुनीत आठवा हिस्सा होतो, आणि चेलोवर लांब उडी तेवढ्यात बसत नाही.