वादळात पडलेलं झाड: जळण किती करू आणि कामाला किती ठेवू?

आडवी_फांदी:
मंडळी, घरामागचं एक जुनं झाड वादळात आडवं झालं. फांद्या तोडून झाल्यात, खोडाचे हात-सव्वा हात लांबीचे ओंडके अजून अंगणात पडून आहेत. घरात लाकडावरची शेगडी आहे, त्यामुळे "सगळं सरपणात घाल" हा घरच्यांचा निकाल तयार आहे. पण कापलेल्या तोंडावरचा रंग बघून सगळं जाळायला मन धजत नाही. एखादं स्टूल, दोन-तीन लाकडी पळ्या आणि जमलीच तर एक जाड फळी, एवढीच हौस. हत्यारांत कुऱ्हाड, हातकरवत, पटाशी आणि साधं ड्रिल आहे, रंधा नाही. कुठला ओंडका ठेवायचा हे ओळखायचं कसं? आणि वाळेपर्यंत वर्षभर थांबावंच लागतं का?

जुना_ओंडका:
हे वाचून झालं की आधी उठा आणि जे ओंडके आवडलेत त्यांच्या दोन्ही तोंडांना उरलासुरला ऑइल पेंट किंवा वितळवलेलं मेण जाडसर फासा. लाकडातलं पाणी आडव्या कापावरून इतर बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने उडतं. टोकं वाळून आकसतात, मधला भाग ओलाच असतो, आणि तोंडावर तडे जातात. तडे आधीच पडले असतील तर ते जातील एवढी चकती कापा आणि मग फासा.

आता निवड. साल बघा. तिच्यावरच्या रेषा सरळ उभ्या असतील तर आतले रेषेही (लाकडाचे तंतू) बहुधा सरळ. सालीला पीळ असेल तर आतही पीळच. सरळ आणि बिनगाठीचा ओंडका कामाला, गाठाळ आणि पिळाचा शेगडीला. खात्री करायची तर एक फोडून बघा. सरळ फाटला, तर त्याच्या शेजारचे ठेवून द्या.

ठेवायचे तेही अख्खे गोल ठेवू नका. पाचर मारून गाभ्यातून मधोमध दोन फाका करा. लाकूड सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, पण वाढीच्या वर्तुळांच्या कडेने ते जेवढं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं. गोल ओंडक्याला या ओढाताणीत कुठेतरी फाटावंच लागतं. फाका केल्या की ताण मोकळा होतो.

झाड कुठलं आहे? कण्हेर असेल तर पळी नाही आणि जळणही नाही, तिचा धूरसुद्धा विषारी.

आडवी_फांदी:
कण्हेर नक्की नाही, खोड दोन्ही हातांच्या कवेत मावत नाही. नाव मात्र माहीत नाही, घर नुकतंच घेतलंय. पेंट लावून आले.

जुना_ओंडका:
नाव कळेपर्यंत पळीचं थांबवा. पानं, फळं, साल यांवरून आधी ओळख पटवा. स्टूल करायला हरकत नाही.

शेकोटीवाली:
घरच्यांची बाजू मी घेते, जळणही नीट केलं तरच जळण. ताजं कापलेलं लाकूड शेगडीत घातलं की बरीच आच पाणी उडवण्यातच जाते, वर धूर आणि चिमणीत काजळी. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आला की मगच जाळा. फोडून रचलं तर याला सहा महिने ते दोन वर्षं लागतात. मऊ लाकडाला कमी, जड आणि जाड तुकड्यांना जास्त. न फोडलेला ओंडका सालीच्या आत ओला राहून कुजतो.

रचताना खाली दोन आडव्या काठ्या टाका, म्हणजे जमिनीची ओल चढणार नाही. वरून पत्रा किंवा ताडपत्री, बाजू उघड्या. सगळीकडून गुंडाळून ठेवणाऱ्यांना बुरशी फुकट मिळते.

ओलावा मोजायला दोन सुयांचं मीटर मिळतं, पण तुकडा नव्याने फोडून आतल्या बाजूला टोचा, बाहेरून बहुधा कमीच दाखवतं. मीटर नसेल तर एका तुकड्यावर खूण करून आठवड्याला वजन करा. घट थांबली की झालं.

आणि अमुकच लाकूड "जास्त उष्ण" हे थोडं अपुरं आहे. नीट वाळलेलं कुठलंही लाकूड किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देतं. जड लाकडाचा तुकडा जास्त वेळ टिकतो, एवढाच फरक. तेव्हा चांगल्या रंगाचे ओंडके काढून घेतले म्हणून शेगडी थंड पडणार नाही, हे घरी सांगा.

पळीपुराण:
वाळायची वाट बघा हा सल्ला मला फळीपुरताच पटतो. पळीसाठी ओलंच लाकूड हवं! ओलं असताना चाकू सहज चालतो, वाळलं की मनगटाची परीक्षा. तुमच्याकडे रंधा नाही ही उलट सोय आहे, ओल्या कामाला कुऱ्हाड, चाकू आणि एक गोल पटाशी पुरते.

कृपया बेचकी आणि वाकड्या फांद्या शेगडीत टाकू नका. पळीच्या मानेला जो बाक लागतो तो निसर्गतः वाकलेल्या फांदीत तयारच असतो, आणि रेषे बाकाबरोबर वळत असल्याने मान मोडत नाही. गाभा मात्र काढून टाका, नाहीतर वाटीला चीर पडते. अर्धवट काम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. पूर्ण झालं की उन्हात नाही, सावलीत हळूहळू वाळू द्या.

चाकू मांडीच्या दिशेने कधीही चालवू नका, मांडीत मोठी रक्तवाहिनी आहे.

आडवी_फांदी:
हे माहीत नव्हतं. मग स्टूलही ओल्यातच करायचं?

पळीपुराण:
अर्धं ओलं, अर्धं सुकं. बैठकीला गाभा टाळून घेतलेली जाड फाक, थोडी ओली. पाय सरळ ओंडक्यातून फोडून काढा, करवतीने नाही. फोडल्याने रेषे टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात, म्हणून बारीक पायही वजन पेलतो. पायांची वरची टोकं शेगडीजवळ, पण आगीपासून सुरक्षित अंतरावर, पार खडखडीत वाळवा, मगच शेवटच्या मापाला आणून भोकात ठोका. बैठक पुढे वाळताना भोक टोकावर आवळत जातं. टोक जरुरीपेक्षा जाड ठेवलं तर मात्र बैठक फाटेल. पाय तीनच करा, जमीन कशीही असली तरी डुगडुगत नाही.

जुना_ओंडका:
+१. फळीचा नाद या वेळी सोडा असं म्हणेन. हवेवर वाळायला जाडीच्या इंचामागे साधारण एक वर्ष धरतात, घरातल्या फर्निचरला ओलावा 8 ते 12 टक्के हवा, आणि रंध्याशिवाय ती सपाट होणार नाही.

शेकोटीवाली:
का सोडावा? जागा आहे, ओंडका आहे. फळी चिरून घ्या, खाली-वर सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला, वर वजन ठेवा आणि विसरून जा. रंधा तोवर येईल.

आडवी_फांदी:
एक फळी चिरून ठेवते मग, वाद मिटला. अजून दोन शंका. बांधकामावरचे जुने पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) मिळतायत, ते शेगडीत चालतील? आणि स्टूलला कुठलं तेल?

रात्रपाळी_सुतार:
पॅलेटवरचा शिक्का वाचा. 'एचटी' (HT) म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं. गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, 30 मिनिटं. 'एमबी' (MB) म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेला, तो घरात आणूच नका. रंगवलेलं, प्लायवूड, एमडीएफ आणि वाळवीचं औषध मुरवलेलं लाकूड शेगडीत अजिबात नाही. 'एचटी'वाल्यावरही काही सांडलेलं नाही ना ते बघा.

स्टूलला जवसाचं तेल छान, पण तेल पुसलेले कापडाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि ढिगाला आपोआप आग लागते. बोळे मोकळे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

घासताना मास्क लावा. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या (IARC) यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्यांत.

आडवी_फांदी:
एका ओंडक्याच्या सालीखाली बारीक भोकं आणि पिठासारखी भुकटी दिसतेय. हा ठेवू की जाळू?

जुना_ओंडका:
लाकूड पोखरणारा भुंगा. आत अजून आहे का ते आधी बघा. भुकटी झटकून ओंडका काळ्या कागदावर ठेवा. काही दिवसांत ताजी भुकटी पडली तर कामाला ठेवू नका, जळणात टाका (तोंडाला पेंट असेल तर तेवढं कापून), आणि जाळेपर्यंत त्याला घरातल्या फर्निचरपासून लांब ठेवा.