सातेरी मधमाश्यांच्या पेटीत राणीची घरं दिसली, माश्या उठून जातील का? सल्ला हवा

भोरची_माती
नमस्कार. गाव भोर तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. दिवाळीनंतर सातेरीची एक पेटी आणली, आठ चौकटींची, एका चौकटीत एक पोळं. आता फेब्रुवारी संपत आलाय, सगळ्या चौकटी माश्यांनी झाकल्यात आणि संध्याकाळी दाराबाहेर माश्यांचा घोस लोंबतो. काल पेटी उघडली तर दोन पोळ्यांच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी, नवी राणी वाढते ती राणीची पाच घरं, तोंड खाली करून लटकलेली. एक काका म्हणाले, नखाने खुडून टाक, मिटलं. पण हात धजावेना. पहिलीच पेटी आहे हो. काय करू? राणी मला अजून एकदाही दिसलेली नाही.

जांभूळबन
खुडू नका! आधी अंडी बघा. सूर्य पाठीमागे घ्या आणि पोळं तिरकं धरा, पोळ्यातल्या साध्या घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी काडी दिसते. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणजे अंडी असतील तर राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी पेटीत होती.

हे कळकळीने सांगतोय, कारण दुसऱ्या वर्षी मी नेमकी हीच चूक केली. सगळी घरं खुडली आणि निर्धास्त झालो. जुनी राणी आठवडाभर आधीच अर्ध्या माश्या घेऊन गेली होती. मागे ना राणी, ना नवी करायला कोवळी अळी. महिन्याभरात कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्या, एकेका घरात तीन-तीन, आणि त्यातून निघाले फक्त नर. शेवटी पोळ्यांना मेणकिडा लागला.

राणी गेली नसेल तरी नुसतं खुडून भागत नाही. आठवड्यात नवी घरं बांधतात. जागा कमी पडलीय, माश्या वाढल्यात, त्यांना वेगळं व्हायचंय. तुमच्या घरांची तोंडं बंद आहेत की उघडी?

भोरची_माती
आज पुन्हा पाहिलं. दोन बंद, तीन उघडी. अंडी आहेत, अगदी उभी!

जांभूळबन
उभं अंडं म्हणजे ताजं, नंतर ते कलतं आणि आडवं होतं. राणी आहे. पण बहुतेक वेळा पहिलं घर बंद झालं की जुनी राणी निघते, तेव्हा उद्याच हात घाला. माश्यांच्या आधी आपणच वसाहत फोडायची.

ऊन तापल्यावर, अकराच्या पुढे उघडा. धूर अगदी थोडा, सातेरी धुराने सैरावैरा धावते आणि राणी कोपऱ्यात दडते. राणी कामकरी माशीपेक्षा लांब, पोट काळसर, चाल संथ. दिसली की तिच्यासकट ती चौकट नव्या पेटीत. पिलाव्याच्या (अंडी-अळ्या-कोष असलेल्या) आणखी दोन चौकटी, मध-परागाची एक, आणि वर दोन चौकटींवरच्या माश्या झटका, कारण उडणाऱ्या माश्या सवयीने जुन्या जागी परततात. नव्या पेटीत राणीचं एकही घर जाऊ देऊ नका.

जुनी पेटी जागची हलवू नका. तिच्यात एकच घर ठेवा, मोठं, सरळ, खडबडीत अंगाचं. बाकीची आता खुडा, इथे खुडणं बरोबर आहे. जास्त ठेवलीत तर पहिल्या कुमारी राणीबरोबर पुन्हा एक थवा सुटेल.

रानहिरडा
दादांनी नीट सांगितलंय. राणी सापडलीच नाही तर चौकटी निम्म्या-निम्म्या वाटा, दोन्हीकडे अंडी आणि एकेक घर ठेवा. चौथ्या दिवशी जिथे अंडी दिसतील तिथे राणी, तिथलं घर काढा.

नव्या पेटीला आठवडाभर संध्याकाळी साखरपाणी द्या, निम्मं-निम्मं. सांडू नका, मुंग्या येतात. दाराला राणी अडवायची जाळी लावायला कुणी सांगेल, पण जुन्या पेटीला ती नकोच. कुमारी राणीला मीलनाला बाहेर उडावंच लागतं.

आणि थवा सुटलाच तर घाबरू नका. आधी जवळच्याच फांदीवर बसतो. पोटात मध भरून निघालेल्या असतात, सहसा चावत नाहीत. पाण्याचा हलका फवारा मारा, खाली टोपली धरून फांदी झटका, वर ओलं फडकं टाका. संध्याकाळी पेटीत घाला आणि उघड्या अळ्यांची एक चौकट द्या. अळ्या असल्या की सहसा टिकतात.

जमलं तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षण घ्या. वाचून समजतं, पण चौकट हातात धरण्याची भीती तिथेच जाते.

भोरची_माती
आज बाविसावा दिवस. राणी त्या दिवशी पाचव्या चौकटीच्या कडेला सापडली होती, माझ्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर! नव्या पेटीत ती जोरात अंडी घालतेय. जुनी पेटी मध्ये एकदाही उघडली नाही, आज उघडली. मधल्या पोळ्यात प्रत्येक घरात एकच अंडं, उभं. ओढ्याकाठच्या जांभळांना कळ्या धरल्यात. दादा, ताई, मधकोठी (मध साठवायचा वरचा कप्पा) दोन्हींवर आताच चढवू की जुनी पेटी आणखी भरू देऊ?

जांभूळबन
वा! नव्या पेटीत माश्या सहा चौकटी झाकू लागल्या की चढवा. जुनीला घाई नको, तिची पहिली पिल्लं बाहेर यायला वीसेक दिवस लागतील.